शेवंताक्काची दुसरी साक्ष

"बाई, आवाज खाली. हे जिल्ह्याचं कोर्ट आहे, बाजार नव्हे."

पट्टेवाल्यानं दटावलं म्हणून मी काय गप्प बसणार? मी म्हटलं, "बाबा, माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर पट्ट्याच्या घरघरीत बोलायचं तर घसा असाच होतो. तुला सोसत नसेल तर तू लांब उभा राहा."

तो हसला आणि खरंच लांब जाऊन उभा राहिला. मुजावर वकील मात्र हसले नाहीत. काळा कोट हातावर घेऊन ते माझ्यापुढं उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "हौसाबाई, आत साहेबांसमोर तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

"माझ्या पोरीचा निकाल, आणि मीच मुकी?"

"अपिलात असंच असतं. खालच्या कोर्टात जे बोलून झालं ते कागदावर आलंय. आता वरचे साहेब तो कागद वाचणार आणि खालच्यांचं बरोबर की चूक एवढंच बघणार. नवीन काही बोलायला सहसा मिळत नाही."

"आणि एखादी गोष्ट कागदावर आलीच नसेल तर?"

मुजावरांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "कोणती गोष्ट?"

मी मान वळवून बघितलं. व्हरांड्याच्या पार त्या टोकाला, बाकावर, माझी थोरली जाऊ शेवंताक्का बसली होती. शेजारी तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर ज्ञानू भावजी. शेवंताक्कानं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला होता. एका घरात, एका चुलीवर आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं भाकऱ्या थापल्या, आणि आता ती माझ्याकडं मान वर करून बघत नव्हती. बघेल कशाला? माझी पोर माझ्याकडून काढून घ्यायला आली होती ती.

भांडण काय होतं ते सांगते. माझा नवरा शिवराम तरणाताठा गेला. गिरणीतच छातीत कळ आली आणि पिठाच्या पोत्यावर बसल्या बसल्या गेला. पोटी मूल नव्हतं. पुढं माझ्या भावाला, म्हादूला, मुलींच्या पाठीवर आणखी एक मुलगी झाली, तेव्हा मी म्हटलं, ही मला द्या. भाऊ-भावजय कबूल झाले. सासूबाईंनी मात्र कपाळावर हात मारून घेतला. "दत्तक घ्यायचा तर पोरगा घे की गं! पोरगी घेऊन काय लोणचं घालायचंय?" मी म्हटलं, घालते लोणचं, पण हीच पाहिजे. मी हट्टाला पेटले म्हणजे सासूबाईसुद्धा थकायच्या. शेवटी त्या तयार झाल्या, पण एक अट घातली. विधीला मी बसायचं नाही.

मी विधवा ना! मंगल कार्याला पाटावर विधवा कशी बसणार? भटजी बिचारे म्हणाले, "आजी, मूल घेणारी हीच आहे, हिनंच बसायला पाहिजे. शास्त्राची हरकत नाही." पण सासूबाईंनी त्यांनाच उडवून लावलं. "शास्त्र तुमच्या घरी. माझ्या घरात पाटावर सवाशीणच बसणार." म्हणून पाटावर बसले ज्ञानू भावजी आणि शेवंताक्का. जोडीनं. माझ्या भावजयीनं शेवंताक्काची ओटी भरून पोर त्या ओटीत घातली, भटजींनी मंत्र म्हटले, तालुक्याहून आणलेल्या फोटोवाल्यानं फोटो काढला. आणि मी कुठं? आत, स्वयंपाकघरात, दाराच्या फटीतून बघत. लिहून ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कागद कशाला करायचा, सगळं गाव जेवून गेलं की, असं भावजीच म्हणाले होते.

पोरीचं नाव ठेवलं बकुळा. माझ्या कुशीत झोपायची, मला आई म्हणायची, गिरणीत पिठानं पांढरी होऊन बसायची. शेवंताक्काला ती मोठी आई म्हणायची. शेवंताक्काचा एक मुलगा होता, हणमंत. हणमू. तो बकुळेला घरभर कडेवर घेऊन हिंडायचा. चैत्रात दत्तविधान झालं आणि त्याच वर्षी आखाडात हणमू गेला. काविळीनं. घरात कुणी कुणाशी बोलेना. शेवंताक्का तर विचारलं तरच बोलायची, तेही हो किंवा नाही एवढंच.

पुढं सासूबाई गेल्या, आम्ही वेगळे झालो. गिरणी आणि तिच्यामागच्या दोन खोल्या माझ्या वाट्याला आल्या. बकुळा तिसरीत होती तेव्हा एक दिवस कोर्टाची नोटीस आली. ज्ञानू भावजी आणि शेवंताक्का यांनी दावा लावला होता. बकुळा ही त्यांची दत्तक मुलगी आहे, हौसाबाईनं ती फक्त सांभाळली आहे, तरी मुलगी त्यांच्या ताब्यात मिळावी. मी नोटीस घेऊन तडक त्यांच्या दारात गेले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलून आले. तोंडाला आलं ते सगळं बोलले. शेवंताक्का आतून बाहेर आलीच नाही.

तालुक्याच्या कोर्टात मी सांगितलं, पाटावर ते बसले ते माझ्या बदल्यात. विधी झाल्यावर शेवंताक्कानं आत स्वयंपाकघरात येऊन पोर माझ्याकडं दिली. त्यांच्या वकिलांनी विचारलं, "बाई, घरात तान्हं मूल असलं की कुणी ना कुणी ते कुणाकडं तरी देतंच. धरायला देणं आणि दत्तक देणं यात फरक नाही का?" शेवंताक्का साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, "पोर माझ्या ओटीत घातली. पुढं असलं काही झालं न्हाई." झालं! निकाल त्यांच्या बाजूनं लागला. अपील होईपर्यंत बकुळा माझ्याजवळ राहील एवढा स्टे मुजावर वकिलांनी मिळवला. हे अपील मी हरले असते तर मला तिचं दप्तर भरून तिला त्या घरात पोचवून यावं लागणार होतं. मी रात्री तिच्या वेण्या सोडताना रडायचे आणि सकाळी घालताना रडायचे. ती म्हणायची, "आई, केस माझे ओढले जातायत, मग रडतेस तू का?"

तर त्या दिवशी आमच्या नावाचा पुकारा झाला. आत गेलो. साहेब पन्नाशीचे, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं तुटक. समोरच्या बाजूचे वकील उठले आणि त्यांनी तो फोटोच पुढं केला.

"साहेब, यापेक्षा जास्त काय दाखवायचं? पाटावर नवरा-बायको. बायकोच्या ओटीत मूल. देणारे आई-बाप समोर."

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "अपील करणाऱ्या बाई यात कुठं आहेत?"

"नाहीत, साहेब. त्या घरात होत्या."

फोटोत मी नव्हते. पोर माझी, हौस माझी, त्या दिवशीचा स्वयंपाकसुद्धा माझ्या हातचा, आणि फोटोत मी नाही.

मुजावर उठले. त्यांनी सगळं नीट सांगितलं. बाई विधवा, घरची रीत अशी, म्हणून जोडी तिच्या बदल्यात बसली, मूल पहिल्या दिवसापासून बाईकडंच वाढलं, शाळेत नाव बाईच्या नवऱ्याचं लागलं. साहेब ऐकत होते, मधूनच पानं उलटत होते. मग म्हणाले, "मुलगी हिच्याकडे वाढली, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की हे दोघं पाटावर बसले ते स्वतःसाठी की हिच्यासाठी. आणि तोच प्रश्न खाली कोणी धड विचारलेला नाही. शेवंताबाई हजर आहेत?"

"आहेत, साहेब."

"जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना उभं करा. हा एक मुद्दा साफ झाल्याशिवाय मला निकाल देता येणार नाही. दोन्ही वकिलांनी थोडक्यात काय ते विचारा."

बाहेर आल्या आल्या मुजावरांनी मला लिंबाच्या झाडाखाली नेलं. "हौसाबाई, अशी संधी अपिलात मिळत नाही. सकाळी तुम्ही म्हणत होता, काहीतरी कागदावर आलं नाही. बोला आता."

"मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तिलाच."

"आणि तिनं तुमची पोर मागितलीय." मुजावर रागावले नाहीत, पण त्यांनी ते असं म्हटलं की माझ्याच अंगाची लाही झाली. खरंच की! ज्या बाईसाठी मी तोंड शिवून बसले होते, तिनं मला भर कोर्टात खोटं पाडलं होतं. म्हटलं, चुलीत गेला तो शब्द.

"तिला विचारा," मी म्हणाले, "पाटावरनं उठल्यावर ओटीतल्या तांदळाचं काय केलं."

"तांदळाचं?"

मग मी त्यांना सांगितलं. त्या दिवशी पंगत बसायच्या आधी शेवंताक्का पोर घेऊन आत आली. तिनं दाराला आतून कडी घातली. मला वाटलं, पोरीला दूध पाजायला आणली असेल. ती म्हणाली, "हौसा, पदर पसर." मी म्हटलं, "कशाला?" "पसर म्हणते ना!" मी पदर पसरला. तिनं स्वतःच्या ओटीतले तांदूळ माझ्या पदरात घातले. नारळ घातला, खण घातला, हळकुंड, सुपारी, सगळं. आणि त्या सगळ्यावर बकुळेला ठेवली. मग तिनं करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं, बोट माझ्या कपाळापाशी आणलं, थांबली, आणि ते पोरीच्या कपाळाला लावलं. म्हणाली, "आता ती तुझी. बाहेर झालं ते लोकांसाठी." नवरा गेल्यापासून माझी कुणी ओटी भरली नव्हती, आणि पुन्हा कुणी भरेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. हळदीकुंकवाला गेले तर बायका मला ओलांडून पुढं जायच्या. आणि हिनं, घरच्या थोरल्या सुनेनं, कडी लावून माझी ओटी भरली. कडी काढताना तेवढं म्हणाली, "कुणाला बोलू नको हां. आत्याबाईंना कळलं तर मला उभी जाळतील." सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

मुजावरांनी पायाखालची एक लिंबोळी उचलली. "आमच्या घरातसुद्धा ओटी भरतात, बाई," ते म्हणाले. "एकदा ओटीत घातलेलं परत मागत नाहीत, एवढं मला कळतं. पण हे तिच्या तोंडून आलं पाहिजे. तुम्ही सांगून उपयोग नाही."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर आपण हरलो."

कोर्टाच्या मागं नळ होता. शेवंताक्का तिथं एकटीच भाकरीचे हात धूत होती. मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. दावा लागल्यापासून आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. ती किती वाळली होती ते मला जवळून दिसलं. मनगटातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. पण त्या घटकेला मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

"अक्का," मी म्हटलं, "वकील तुला तांदळाचं विचारणार आहेत."

तिचा हात नळाखाली तसाच राहिला. "तू सांगितलंस?"

"सांगितलं. मागनं वार करायची नाही म्हणून तुला तोंडावर सांगायला आले. तुला खोटंच बोलायचं असेल तर बोल. खाली बोललीस तसं वरही बोल."

"हौसे, तेवढं नको. पाया पडते तुझ्या. दुसरं काहीबी विचारा म्हणावं."

"का? भावजींना भितेस?"

"तसं न्हाई."

"मग कसं? आत्याबाई तर गेल्या. आता कोण जाळणारे तुला?"

ती मान हलवत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, मला रडून दाखवू नको. माझी पोर उद्या तुझ्या घरात झोपेल तेव्हा मी रडणारे, तेव्हा तू बघायला ये." आणि वळून निघाले. मागून तिनं हाक मारली नाही.

सुट्टीनंतर शेवंताक्का पिंजऱ्यात उभी राहिली. साहेबांच्या खाली एक बाई टाइपरायटर घेऊन बसली होती, केसात अबोलीचा गजरा. ज्ञानू भावजी पहिल्या बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून. मी मागं भिंतीला टेकून.

साहेबांनी स्वतः सुरुवात केली. "बाई, विधीच्या दिवशी मूल कोणाच्या ओटीत घातलं?"

"माझ्या."

"तुम्ही पाटावर का बसलात?"

"सासूबाईंनी बसवलं."

"मूल तुम्हाला हवं होतं?"

तिनं पदर आणखी पुढं ओढला. समोरचे वकील अर्धवट उठले, साहेबांनी हातानं त्यांना खाली बसवलं. मग मुजावरांकडं पाहिलं. मुजावर दोन पावलं पुढं गेले आणि अगदी घरातल्यासारखं विचारलं, "अक्का, पाटावरून उठल्यावर ओटीतल्या तांदळाचं काय केलंत?"

टाइप करणाऱ्या बाईनं मान वर केली. शेवंताक्कानं कठडा घट्ट धरला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं, माझ्याकडं. मी तिची नजर सोडली नाही. मनात म्हणत होते, बोल गं बाई, एकदा बोल.

"ओटीचे तांदूळ सवाशीण घरी शिजवून खाते, असं मी ऐकलंय," मुजावर म्हणाले. "तुम्ही खाल्लेत?"

"न्हाई."

"का नाही?"

"माझे न्हवते ते."

"मग कुणाचे?"

"हौसाचे." आवाज एवढा बारीक की साहेबांनी मान पुढं केली. शेवंताक्कानं श्वास घेतला आणि एकदम मोठ्यानं म्हणाली, "तिची ओटी भरली मी. आत, कडी लावून. तांदूळ, नारळ, खण, सगळं तिच्या पदरात घातलं, आणि वर पोर घातली. अशीच धरायला न्हवती दिली. पोर तिची होती, तिलाच दिली. मी पाटावर बसले ती तिच्यासाठनं."

टाइपरायटर थांबला होता. साहेब म्हणाले, "लिहा." तरी त्या बाईची बोटं लगेच चालेनात. भावजी उभे राहिले होते. त्यांची टोपी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही.

समोरच्या वकिलांचा चेहरा उतरला होता. आपलाच माणूस आपल्याला बुडवतोय म्हटल्यावर कुणाचाही उतरेल. ते चिडूनच म्हणाले, "मग खालच्या कोर्टात शपथेवर 'असलं काही झालं नाही' असं का सांगितलंत? तेव्हा खरं बोलत होता की आता?"

"आता."

"मग तेव्हा खोटं का बोललात? कोणी धाक दिला?"

"न्हाई."

"मग कशासाठी?"

"हणमू गेला म्हणून."

कुणालाच कळेना. मलाही कळेना. साहेबांनी विचारलं, "हणमू कोण?"

"माझं पोरगं. मी सवाशीण, मी रांडमुंडीची ओटी भरली. असं कुणी करत न्हाई. माझी आई सांगायची, असं केलं की घरावर येतं." आता ती साहेबांशी बोलतच नव्हती, कुणाशीच बोलत नव्हती. "आणि आलं की. ओटी भरली चैत्रात, आणि आखाडात हणमू पिवळा पडला. मीच मारला त्याला. कुणाला सांगायची सोय न्हवती. ह्यांना वाटलं, पोर घरात आणली म्हंजी मी बोलायला लागीन, म्हणून ह्यांनी दावा लावला. मी गप बसले. म्हटलं, कोर्टानं लिहून दिलं की पोर माझीच, पाटावरच माझ्या ओटीत घातलेली, तर मग मी ओटी भरलीच न्हाई असं हुईल. ते झालंच न्हाई असं हुईल. मग हणमू माझ्यामुळं गेला न्हाई."

तिनं पदर तोंडात कोंबला. टाइपरायटरचा आवाज तेवढा चालू होता.

मी भिंतीला धरून उभी होते. दावा लागल्यापासून मी या बाईला शिव्या घातल्या होत्या. लोभी म्हटलं, वांझोट्या मनाची म्हटलं, गिरणीत दळणाला आलेल्या बाईबाईला पकडून तिचं सांगितलं. आणि ती त्या घरात, नवऱ्याशेजारी, रोज रात्री हे घेऊन झोपत होती. माझी पोर तिला नकोच होती. तिला तो एक दिवस पुसून पाहिजे होता.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, खाली या. बसा. पाणी द्या त्यांना." मग बराच वेळ काही लिहीत राहिले. समोरच्या वकिलांना त्यांनी विचारलं, "तुम्हाला अजून काही म्हणायचंय?" ते म्हणाले, "नाही." निकाल पुढच्या महिन्यात लागला. खालचा निकाल रद्द झाला आणि बकुळा माझीच ठरली. पण मुजावरांनी साक्षीच्या दिवशीच बाहेर येऊन मला सांगितलं होतं, "आता घरी जा आणि निवांत झोपा." मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागं सरले. म्हणाले, "माझ्या कशाला पडता? मी एक प्रश्न विचारला. उत्तर तिनं दिलं."

पायऱ्यांवर ज्ञानू भावजी बसले होते. डोकं दोन्ही हातांत. शेवंताक्का खाली, दूर, एका कडेला उभी होती. तिला कळत नव्हतं कुठं जावं. मी भावजींपाशी गेले. ते मान वर न करता म्हणाले, "हौसा, तिला आज तुझ्याकडं ने."

"भावजी, तिला काही बोलू नका."

"बोलायला आहे काय माझ्याजवळ? एका अंथरुणावर झोपलो, आणि मला पत्ता न्हाई." "मी आज घरी गेलो तर मला तिच्याकडं बघवायचं न्हाई. रागानं न्हवं. ने तिला. उद्या येतो मी न्यायला."

म्हणून आम्ही दोघी एसटीत शेजारी बसलो. गाडीत गर्दी नव्हती. तिनं खिडकी घेतली. शहर मागं पडलं, उसाची शेतं लागली. मला पुष्कळ बोलायचं होतं. तुझी माफी मागते म्हणायचं होतं, असलं खुळं मनात कुणी घातलं तुझ्या म्हणून भांडायचं होतं. पण नळापाशी मी तिला काय बोलले होते ते आठवलं. मी नुसती तिच्या हातावर हात ठेवून बसले.

बऱ्याच वेळानं ती खिडकीकडंच बघत म्हणाली, "हौसे, हणमू कशानं गेला गं?"

मी म्हटलं, "काविळीनं."

"खरं?"

"खरं. त्या वर्षी आळीतली आणखी दोन पोरं गेली. येसूची गेली, पाटलाच्या वाड्यावरचं गेलं. त्यांच्या आयांनी कुणाची ओटी भरली होती का?"

ती विचार करायला लागली. खरंच विचार करत होती, जणू हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. एक गाव गेलं, दुसरं आलं, गाडी थांबली, माणसं चढली-उतरली.

"कशानं गेला म्हणालीस?"

"काविळीनं, अक्का. तुझ्यामुळं न्हाई."

"माझ्यामुळं न्हाई."

"न्हाई."

पुढच्या थांब्यावर तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. कंडक्टर दोनदा वळून बघून गेला. गाव येईपर्यंत ती विचारत राहिली, आणि तितक्या वेळा मी तिला सांगत राहिले.